पोट दाजींचं, पथ्य माझं

…नाही, पण मी म्हणतो, पोट कुणाचं? दाजींचं! रिपोर्ट कुणाचा खराब आला? दाजींचा! मग सकाळी सात वाजता उकडलेल्या कोबीसमोर मान खाली घालून कोण बसायचं? मी! माझं वजन एक्कावन्न किलो, तेही खिशात किल्ल्यांचा जुडगा असताना. जरा वारा सुटला की आमची ताई खिडकीतून ओरडते, 'अरे, कठड्याला धरून चाल!' अशा माणसाला पथ्य? तुम्हाला सांगतो, न्याय म्हणून काही राहिलेलाच नाही. पोट त्यांचं, पथ्य माझं!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा बहिणीकडे जेवतो आणि वर तिच्याच नवऱ्याच्या नावानं खडे फोडतो. जेवतो, हे खरं आहे. माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान ताईच्या घराच्या बरोब्बर खाली, लग्न जमलेलं नाही, जमायची लक्षणंही नाहीत, तेव्हा दोन्ही वेळा जिना चढायचा आणि ताट ओढायचं, हे बारा वर्षं चाललंय. आणि बारा वर्षं काय जेवलोय सांगू! दाजींना खायला आवडतं, नुसतं आवडतं नाही, खाताना ते गुणगुणतात! पावावर लोणी लावायला लागले की वाटावं, भिंतीला गिलावा चाललाय.

तर आमचे दाजी लिफ्टचे मेकॅनिक. सत्तावीस वर्षं तेच काम. लिफ्ट वर जाताना ते डोळे मिटून उभे राहतात आणि सांगतात, 'तिसऱ्या मजल्यावर दाराचा रूळ घासतोय. तेल मागतोय बिचारा.' बिचारा! स्वतःच्या सख्ख्या मेहुण्याला कधी बिचारा म्हणाले नाहीत. मला म्हणतात पैलवान. 'काय पैलवान, आज हवेत तरंगत आलात की जिन्यानं?' असो. आता लिफ्टमध्ये एक पाटी असते, बघितली असेल तुम्ही, आठ माणसं, पाचशे चव्वेचाळीस किलो. म्हणजे माणशी अडुसष्ट. दाजी भरत होते एकशे दोन. म्हणजे काय झालं? बरोब्बर दीड माणूस! ते हे स्वतःच हसत हसत सांगायचे आणि वर म्हणायचे, 'मी एकटा कुठे असतो, अर्धा माणूस सोबतीला असतोच.'

हसणं कुठपर्यंत, तर त्या मंगळवारपर्यंत.

त्या मंगळवारी एका सातमजली इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत एकच बाई, निवृत्त मुख्याध्यापिका, सगळी इमारत त्यांना मोठ्या बाई म्हणते. बरोबरचा जोडीदार खाली दाराशी खटपट करत होता, पण आत माणूस घाबरलं असेल, त्याला धीर द्यायला हवा, म्हणून दाजी वरच्या मजल्यावरून लिफ्टच्या छतावर उतरले. छताला एक झडप असते, अडीअडचणीला आत उतरायला. दाजींनी झडप उघडली, 'घाबरू नका बाई, मी आलो!' अशी आरोळी ठोकली आणि पाय आत सोडले. पाय गेले. गुडघे गेले. मांड्या गेल्या… आणि मग दाजी थांबले. त्यांचा थांबायचा विचार नव्हता हो, पण थांबले!

खालून बाईंचा आवाज, अगदी वर्गात हजेरी घेतल्यासारखा, 'आलात का?'

वरून दाजी, 'आलोय बाई… निम्मा.'

'उरलेले कधी येणार?'

आता काय सांगणार? खाली जाता येईना, वर येता येईना, हात छतावर, पाय बाईंच्या डोळ्यांसमोर. पाच मिनिटं गेली, दहा गेली, बाई म्हणाल्या, 'तुमच्या डाव्या मोज्याला भोक आहे.' दाजी म्हणाले, 'हो बाई.' सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, 'हो बाई'! तेवढ्यात जोडीदारानं बाहेरून दार उघडलं, बाई सुटल्या, दोन पावलं गेल्या, मागे वळल्या आणि त्या लोंबकळणाऱ्या दोन पायांना म्हणाल्या, 'येते हं. सांभाळून.' ज्यांना सोडवायला गेले त्या घरी जाऊन चहा प्यायल्या, आणि हे पाऊण तास तिथेच! शेवटी आणखी दोघांना बोलावलं, बगलेत हात घालून वर ओढलं, बाटलीचं बूच निघावं तसे निघाले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. साहेब बारीक आवाजात बोलतात, ते जास्त झोंबतं. 'हे बघा, माणूस लिफ्टमध्ये अडकला की तो आपल्याला फोन करतो. आपणच अडकलो तर कुणाला करायचा?' आणि पाठवलं कंपनीच्या डॉक्टरांकडे. डॉक्टरांनी रक्त काढलं, दाब बघितला, गुडघे वाजवून बघितले आणि चष्मा खाली घेतला. तुम्हाला सांगतो, डॉक्टरनं चष्मा खाली घेतला की समजायचं… 'साखर काठावर उभी आहे. दाब चढलाय. तीन महिने देतो. खाणं सुधारा. नाहीतर गोळ्या सुरू, आणि मी लिहून देणार, बाहेरचं काम बंद, ऑफिसात बसून फोन घ्या.'

इतर कुणी म्हटलं असतं, बरं झालं, पंख्याखाली बसायला मिळालं. दाजी त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात स्टुलावर बसले, समोर पाव, लोणी, सगळं, आणि हात नाही लावला. ताईला म्हणाले, 'मला फोनवरचं काम नाही गं जमणार. लोक सांगणार, लिफ्टमधून आवाज येतोय… आणि मला तो ऐकू येणार नाही.' मी दारात होतो. एरवी मी काहीतरी टोमणा मारला असता. नाही मारला.

पण दाजी म्हणजे दाजी! सकाळी उठले ते वेगळेच माणूस. डोळ्यांत तेज! 'आजपासून या घरात क्रांती!' क्रांती करा हो, पण स्वतःच्या ताटात करा ना! नाही! लोणी गेलं, साखर गेली, बिस्किटं कुलपात गेली, माझं, माझं म्हणून वेगळं ठेवलेलं आइस्क्रीम गेलं! वजनकाटा आला, रस काढायचं यंत्र आलं, हिरवी पूड आली, तिचा वास असा की शेजारणीनं विचारलं, तुमच्याकडे गवत कापलंय का? फ्रिजच्या दारावर तक्ता, लाल पेन, निळं पेन, पट्टीनं आखलेली घरं! मी म्हटलं, 'दाजी, मला नेहमीचंच वाढा, मी बारीकच आहे.' तर म्हणतात, 'पैलवान, एका घरात दोन कायदे चालत नाहीत.' ऐकलंत? पोट त्यांचं, पथ्य माझं!

आणि घरात भागलं नाही म्हणून बाहेर! लिफ्ट दुरुस्त करायची, बटण दाबून बघायचं, आणि दारात उभ्या असलेल्या लोकांना सांगायचं, 'जिन्यानं जा हो, तब्येतीला चांगलं!' लिफ्टवाला! म्हणजे न्हाव्यानं सांगावं, केस वाढवा, शोभतात. पाचव्या दिवशी साहेबांकडे तक्रार, 'तुमचा माणूस लिफ्ट सुरू करतो आणि आम्हाला चढू देत नाही.'

अकरा दिवस. मोजून अकरा दिवस चाललं. तीन किलो उतरले, दाजींनी रस्त्यात भेटेल त्याला सांगितलं. आणि बाराव्या दिवशी काय झालं? काहीच झालं नाही हो! तीच तर गंमत आहे. भांडण नाही, वादळ नाही, कुणी मेलं नाही. नुसत्या चार लिफ्ट एकाच दिवशी बिघडल्या, जेवायची वेळ टळली, गुडघा दुखायला लागला, आणि समोर बेकरी. बेकरीवाला म्हणाला, 'बऱ्याच दिवसांनी?' एवढंच. दाजींनी एक क्रीम रोल खाल्ला. एक! पण तो खाल्ल्यावर मनानं काय म्हणावं? मन म्हणालं, आता आजचा दिवस बिघडलाच आहे, तर नीट बिघडू दे! मग दुसरा. मग तिसरा. मग आठवडा बिघडला, मग 'येत्या सोमवारपासून', मग 'एक तारखेपासून'… अहो, मोबाइल हातातून पडून काचेला एक चरा गेला म्हणून कुणी त्याच्यावर वरवंटा घालतं का? पण पथ्याचं आपण तेच करतो!

घरात मात्र तक्ता चालूच! संध्याकाळी येऊन लाल पेनानं बरोबरच्या खुणा करणार, कोबी खाणार, 'हलकं वाटतं नाही?' असं मलाच विचारणार. मी म्हणायचो, 'हो, मला तर दिसेनासंच झालंय.' मी खरोखर पथ्यावर, आणि हे बाहेरून भरून आलेले! मला काय माहीत! पोट त्यांचं, आणि पथ्य… सांगायला नकोच.

कळलं कसं, तर त्या मोठ्या बाईंमुळे. त्यांच्याच इमारतीत महिन्याची देखभाल होती. लिफ्टचं यंत्र गच्चीवरच्या खोलीत असतं, बाहेर पाटी, 'धोका. आत येऊ नये.' बाई उशा उन्हात टाकायला गच्चीवर गेल्या, बघतात तर दार अर्धं उघडं, आणि आत, यंत्राच्या आडोशाला, उपड्या डब्यावर बसून दाजी केक खातायत. ओठाला क्रीम. पाटी वाचूनही बाई आत आल्या. मुख्याध्यापिकेला कसली पाटी!

दाजी ताडकन उभे राहिले. म्हणाले, 'बाई, हे… वाढदिवस आहे.'

'कुणाचा?'

'…एकाचा.'

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी उशी खाली ठेवली, तिच्यावर बसल्या आणि म्हणाल्या, 'बसा. संपवा तो. छत्तीस वर्षं मी वह्या तपासल्या. पहिल्या पानावर सगळ्यांचं अक्षर मोत्यासारखं असतं. पहिलं पान बघून मी कधी कुणाला शाबासकी दिली नाही. मी तिसावं पान उघडायची.' मग यंत्राकडे बघून विचारलं, 'याला तेल घालायला येता, ते दर महिन्याला उत्साह येतो म्हणून?'

दाजी म्हणाले, 'उत्साह कसला बाई, यादी असते. मूड असो नसो, यायचं, तेल द्यायचं, पुढे जायचं.'

'एखादा महिना चुकला तर? यंत्र काढून फेकता?'

दाजी सांगत होते नंतर, 'पैलवान, मोज्याच्या भोकाच्या वेळी नाही एवढी लाज तेव्हा वाटली.'

घरी आले, सरळ फ्रिजपाशी गेले, तक्ता काढला आणि ताईच्या हातात दिला. म्हणाले, 'सगळ्या खुणा खोट्या आहेत.' मी कोबीचा घास हातात घेऊन तसाच बसलो. मला वाटलं, आता ताई आकाशपाताळ एक करणार. सहा आठवडे आम्हाला पाला खायला लावून हा माणूस… पण ताईनं तक्ता उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूला बघितलं आणि म्हणाली, 'दीड महिना उरलाय ना? मग आता माझ्या पद्धतीनं.'

आता ताईचं सांगायचं राहिलंच. ताई एका मोठ्या किराणा दुकानात कामाला आहे, अठरा वर्षं, आणि तिचं काम काय, तर फळ्या लावणं. कुठला माल कुठल्या फळीवर. तुम्हाला वाटतं आपण मनानं घेतो? छे! ताई हसते. 'माणूस डोळ्यांसमोरचं उचलतो. वाकावं लागलं तर विचार करतो. स्टूल मागावं लागलं तर म्हणतो, जाऊ दे.' आणि दाजींना म्हणाली, 'अहो, तुमचा निश्चय अकरा दिवसांचा आहे, ते मला लग्नापासून माहीत आहे. पण तुमचा आळस! तो कधी एक दिवससुद्धा ढळला नाही. आपण त्याच्यावर घर बांधू.'

रविवारी तिनं सगळं स्वयंपाकघर दुकानासारखं लावलं. फ्रिजमध्ये समोरच, डोळ्यांच्या उंचीवर, चिरलेलं गाजर, काकडी, सोललेली संत्री, उकडलेली अंडी, काचेच्या डब्यांत, म्हणजे दार उघडलं की तेच दिसणार. लोणी परत आलं, पण मागे, भांड्यांच्या पाठीमागे. पाव कापून, मोजके तुकडे बाहेर. ताटं बदलली, छोटी आली. सकाळचा नाश्ता रोज एकच, विचारच करायचा नाही. दाजींच्या कामाच्या पिशवीत डबा रात्रीच… नाही, संध्याकाळीच भरून ठेवायचा, म्हणजे जेवण टळलं तरी बेकरीआधी हात डब्यावर पडेल. आणि बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा? तो बंद नाही केला! तो ठेवला माळ्यावर. वर, पार भिंतीला चिकटवून. म्हणाली, 'या घरात कशालाही बंदी नाही. एकच नियम, ज्याला खायचं त्यानं स्वतः स्टूल लावून काढायचं.'

पहिला आठवडा दाजी माळ्याकडे असे बघायचे, असे, जसं परगावी निघालेल्या माणसाकडे बघतात. एकदा तर स्टूल आणलं. एक पाय ठेवला. स्टूल करकरलं. गुडघा करकरला. दोघांचं एकमत झालं. दाजी उतरले, फ्रिज उघडला, गाजर काढलं आणि माझ्याकडे बघून इतक्या रागानं चावलं, जसं काही ते गाजर मीच लावलं होतं! मी तर काय, स्टुलाशिवायही चढलो असतो, पण ताई ओट्यापाशी उभी, नजर माझ्यावर. 'तू त्यांच्यासमोर खायचं नाहीस. त्यांना वास आला की सगळं मुसळ केरात.' घ्या! आळस त्यांचा, शिक्षा मला! पोट त्यांचं, पथ्य माझं!

पण तुम्हाला सांगतो, खोटं कशाला बोलू, हळूहळू जमलं. आरोळ्या नाहीत, तक्ता नाही, क्रांती नाही. आठवड्याला अर्धा किलो, कधी पाव, एका आठवड्यात उलट वाढलं. दाजी म्हणाले, 'तेल दिलं, पुढे चला.' रस काढायच्या यंत्रावर ताईनं फडकं टाकलं. दाजी खाताना परत गुणगुणायला लागले, काकडी खाताना! काकडीवर गुणगुणणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. तीन महिने भरले, डॉक्टरांनी पुन्हा रक्त काढलं, पुन्हा चष्मा… आम्ही श्वास रोखला… या वेळी चष्मा वरच राहिला! साखर काठावरून मागे सरकली होती. दाब खाली. वजन नव्व्याण्णव. 'एवढं उतरलं तेवढं पुरे नाही,' डॉक्टर म्हणाले, 'पण काम चालू द्या, सहा महिन्यांनी परत या.' दाजी तिथून थेट कामावर गेले आणि संध्याकाळी येऊन अर्धा तास सांगत होते, कुठल्या लिफ्टच्या दोरीचा आवाज कसा बदललाय. ताई ऐकत होती. तिला त्यातलं काही कळत नाही. पण ऐकत होती.

मग मागच्या शनिवारी एका जोडीदाराचा निरोप समारंभ होता. दाजींनी केकचे तीन तुकडे खाल्ले, घरी येऊन स्वतःच सांगितलं. मी मनात म्हटलं, झालं! आता एक तारखेपासून, सोमवारपासून, सगळं पुन्हा! दुसऱ्या सकाळी मी मुद्दाम लवकर वर गेलो, बघायला. दाजी टेबलाशी. समोर अंडं, संत्रं, पावाचे दोन तुकडे. नेहमीचंच. गुणगुणत. मी म्हटलं, 'दाजी, काल तीन तुकडे… पश्चात्ताप वगैरे?'

'कसला पश्चात्ताप? केक चांगला होता.'

'मग आज बिस्किटं काढू का? आता बिघडलंच आहे तर?' मी आपला आशेनं विचारलं हो, मलाही जीव आहे!

दाजींनी माळ्याकडे बघितलं, स्टुलाकडे बघितलं आणि म्हणाले, 'तुला हवी तर काढ. मला उठायचा कंटाळा आलाय.'

परवानगी! खुद्द दाजींची! ताई आत कपडे वाळत घालत होती. मी स्टूल लावलं, मांजरासारखा वर चढलो, हात लांब केला, डबा ओढला. चांगला जड! माझ्या तोंडाला पाणी सुटलं. झाकण उघडलं…

कपडे वाळत घालायचे चिमटे. लाकडी. काठोकाठ!

मी वळून बघतो तर ताई दारात उभी. बोट ओठांवर. दाजींच्या पाठीमागून स्टुलाशी आली, हळूच म्हणाली, 'पहिल्या रविवारीच वाटून टाकली मी बिस्किटं. त्यांना सांगू नकोस.'

मी कुजबुजलो, 'का पण?'

'रिकामा आहे असं कळलं तर बेकरीत जातील. भरलेला आहे म्हणून निवांत आहेत.'

दोन महिने! दोन महिने तो माणूस कपड्यांच्या चिमट्यांचा मोह आवरत होता! आणि खालून त्यांचा आवाज, 'काय पैलवान, आहेत का?'

मी ताईकडे बघितलं. डब्याकडे बघितलं. म्हटलं, 'आहेत दाजी. भरपूर आहेत.'

'मग राहू देत,' दाजी म्हणाले, आणि संत्र्याची फोड तोंडात टाकली.

आता काय करणार? झाकण लावलं, डबा भिंतीला चिकटवला, खाली उतरलो, फ्रिज उघडला… समोरच होतं, डोळ्यांच्या उंचीवर. खाल्लं गाजर.